कैसराचे नाणे कोणते?

रोमन नाण्यांच्या नादी जो लागेल त्याला चांदीचे एक नाणे कधी ना कधी भेटतेच. दर्शनी बाजूस पर्णमुकुट घातलेला सम्राट तिबेरियसचा मुखवटा. मागल्या बाजूस हाती राजदंड आणि डहाळी घेऊन बसलेली स्त्री. वजन सुमारे पावणेचार ग्रॅम. व्यापाऱ्यांच्या याद्यांत त्याचे नाव ‘ट्रिब्यूट पेनी’, म्हणजे करभाराचे नाणे. येशू ख्रिस्ताने पाहावयास मागितले ते हेच, अशा श्रद्धेने लोक ते विकत घेतात आणि नावापोटी चार पैसे अधिकही मोजतात. ही श्रद्धा पुराव्यावर कितपत टिकते, एवढेच मला येथे पाहावयाचे आहे.

प्रसंग मार्क, मत्तय आणि लूक या तिन्ही शुभवर्तमानांत आहे. यरुशलेमेत काही जण येशूला विचारतात, कैसराला कर द्यावा की न द्यावा? प्रश्न साधा नव्हता. इ. स. 6 मध्ये यहूदिया रोमच्या प्रत्यक्ष अमलाखाली आला, करासाठी शिरगणती झाली आणि गालीलच्या यहूदाने तिच्याविरुद्ध बंड उभारले. ‘द्या’ म्हणावे तर स्वजन दुरावणार. ‘देऊ नका’ म्हणावे तर तो राजद्रोह. राणीछाप रुपयांत ज्यांच्या आज्या-पणज्यांनी सारा भरला, त्या आपल्याला हा पेच समजावून सांगावयास नको. येशूने नाणे मागविले आणि त्यावरील मुखवटा व लेख कोणाचा, असा उलट प्रश्न केला.

आता पुरावा. तिन्ही ग्रंथांत नाण्याचे नाव देनारियस असे आहे. ‘पेनी’ हे त्याचे रूप 1611 च्या सुप्रसिद्ध इंग्रजी भाषांतरातले. संग्राहकांचे नाव तेथूनच आले. देनारियस हे रोमचे चांदीचे नाणे. शिवाय त्यावर कैसराचा मुखवटा हवा. पंत पिलाताने इ. स. 29 ते 31 या काळात यहूदियात पाडलेल्या काशाच्या नाण्यांवर पळी आणि वाकडा पुरोहितदंड आहे, सम्राटाचे नाव आहे. मुखवटा मात्र नाही. तेव्हा ते नाणे बाहेरून आलेले असणार. तिबेरियसचे राज्य इ. स. 14 ते 37. त्याच्या देनारियसवर ‘देवत्व पावलेल्या ऑगस्टसचा पुत्र’ असा लेख आहे. एकेश्वरवादी यहुद्याला तो किती बोचत असेल!

येथवर सारे जुळते. अडचण पुढे आहे. इ. स. 70 पूर्वीची देनारियस नाणी यहूदियाच्या भूमीत फार थोडी सापडतात. तेथील चांदीचा व्यवहार मुख्यतः सोर नगरीच्या शेकेलांत चाले. खुद्द ऑगस्टसची देनारियस नाणीही चलनात होती. मार्कचे शुभवर्तमान इ. स. 70 च्या सुमारास लिहिले गेले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तेव्हा देनारियस हा शब्द प्रसंगाच्या काळातला नसून लेखकाच्या काळातलाही असू शकेल.

मग बाजारात तिबेरियसचेच नाणे इतके का आढळते? कारण ते अफाट प्रमाणात पाडले गेले. मिऱ्यांच्या आणि रत्नांच्या व्यापारातून ते आपल्या दक्षिणेतही आले. कोइमतूरच्या परिसरात पुरून ठेवलेल्या साठ्यांत ते पुष्कळ मिळाले आहे. पण विपुलता हा टांकसाळीच्या उद्योगाचा पुरावा. यरुशलेमेत त्या दिवशी काय घडले याचा नव्हे.

म्हणून ‘हेच ते’ असे म्हणण्यास मी धजत नाही. ‘हे असू शकेल’ एवढेच म्हणतो. श्रद्धाळूंना त्यात काही उणे वाटण्याचे कारण नाही. येशूच्या उत्तराचे बळ अमुक एका टांकसाळीवर अवलंबून नाही. ते आहे त्या मुखवट्यात, आणि नाणे विचारणाऱ्यांनीच आणून दिले या गोष्टीत. ज्याचे चलन आपण वापरतो त्याचे देणे कोणते, आणि कोणत्याही चलनात न मावणारे देणे कोणते, हा प्रश्न त्यांच्याच हाती परत गेला. तो अजून तेथेच आहे.