मंगळावरच्या पाहुण्याचे जेवण

परग्रहावरचा पाहुणा घरी आला, तर त्याला जेवायला काय वाढावे? प्रश्न गमतीचा खरा, पण एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १८९७ साली त्याचा गंभीरपणे विचार केला. तरुणपणी लंडनमध्ये तो टी. एच. हक्स्ली यांच्या हाताखाली जीवशास्त्र शिकला होता. 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स'मधल्या त्याच्या मंगळवासीयांना नाकपुड्या नाहीत, पोट नाही, पचनाची कटकटही नाही. जिवंत माणसांचे रक्त ते थेट आपल्या शिरांत भरून घेतात.

वाचताना अंगावर काटा येतो. पण वेल्स तिथेच सुचवतो, की सशाला बुद्धी असती तर आपला मांसाहार त्यालाही असाच किळसवाणा वाटला असता. टास्मानियाच्या मूळ रहिवाशांचा युरोपियनांनी केलेला संहार तर त्याने पहिल्याच प्रकरणात आठवून दिला आहे.

हे मंगळवासी तोफांना बधत नाहीत. इथले सूक्ष्म जंतूच त्यांचा फडशा पाडतात. साम्राज्य ऐन भरात असताना वेल्सने इंग्रज वाचकाला भक्ष्याच्या जागी बसवले. म्हणून ही कादंबरी मला इतिहासाच्या पुस्तकांशेजारी ठेवावीशी वाटते.