आगबोटीची वाट

‘आगबोट’ हा शब्द मराठी बोलण्यातून हळूहळू निघून चालला आहे. ज्यांच्या घराण्याचे मूळ रत्नागिरी, मालवण किंवा वेंगुर्ल्याकडे आहे, त्यांच्या घरी आजी-आजोबांच्या तोंडी तो अजून ऐकू येतो. नातवंडांना मात्र त्याचा अर्थ समजावून सांगावा लागतो. आगीच्या बळावर चालणारी बोट ती आगबोट, इतका सरळ आणि नेमका हा शब्द आहे. सुमारे शंभर वर्षे कोकणी माणसाचे मुंबईशी असलेले नाते याच एका वाहनाने जोडून ठेवले होते. आपण येलहंक्याची मराठी मंडळी समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फूट उंचीवर, किनाऱ्यापासून शेकडो मैल दूर राहतो. अशा ठिकाणी निघणाऱ्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत समुद्राचा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात मिळेल अशी आशा आहे.

मराठी माणूस आणि समुद्र यांचे नाते आगबोटीहून जुने आहे. १६६४ सालच्या नोव्हेंबरात शिवछत्रपतींनी मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला आणि पुढल्याच फेब्रुवारीत ते स्वतः आरमार घेऊन दक्षिणेस निघाले. या मोहिमेत बसरूर हे आजच्या कर्नाटकातील कुंदापूरजवळचे संपन्न बंदर त्यांनी गाठले. परतताना गोकर्णास ते थांबले. महाराजांच्या वडिलांची, शहाजीराजांची जहागीर बंगळुरास होती हे येथील प्रत्येक मराठी घरास ठाऊक असते. परंतु कर्नाटकाच्या भूमीवर पुत्राचे पाऊल समुद्रावरूनही पडले होते, हे फारसे कोणी सांगत नाही.

वाफेचे युग आले तेही मुंबईच्या गोदीतूनच. ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईत बांधली गेली आणि २० मार्च १८३० रोजी मुंबईहून निघून सुमारे एका महिन्यात सुएझला पोहोचली. त्यापूर्वी आफ्रिकेला वळसा घालून विलायतेस जाण्यास शिडाच्या जहाजाला चार-सहा महिने सहज लागत. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझचा कालवा खुला झाला आणि मुंबई हे हिंदुस्थानचे महाद्वार बनले. पी. अँड ओ. कंपनीच्या डाकबोटी आठवड्याच्या ठरल्या दिवशी सुटू लागल्या. पुढे बॅलार्ड पियरवर बोट लागे आणि तेथूनच साहेब लोकांसाठी उत्तरेकडे जाणारी गाडी सुटे.

या बोटींनी केवळ साहेबांची ने-आण केली असती, तर आपल्याला त्यांचे सुखदुःख नव्हते. परंतु समुद्र ओलांडणे हे पाप मानण्याच्या त्या काळात आपली काही माणसेही त्यांवर चढली. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून ‘सिटी ऑफ कलकत्ता’ या बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. त्या वेळी त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते आणि सोबतीला पती नव्हते. निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी, आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार, असे निक्षून सांगितले होते. त्याच महिन्यात पंडिता रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन मुंबईहून इंग्लंडला निघाल्या. एकाच एप्रिलात दोन मराठी स्त्रियांनी दोन किनाऱ्यांवरून समुद्र ओलांडावा, ही गोष्ट आपल्या सामाजिक इतिहासात लहान नव्हे.

९ जून १९०६ रोजी विनायक दामोदर सावरकर ‘पर्शिया’ बोटीने विलायतेस गेले. चार वर्षांनी, ८ जुलै १९१० रोजी, कैदी म्हणून परत आणले जात असता त्यांनी मार्सेयच्या बंदरात ‘मोरिया’ बोटीतून समुद्रात उडी घेतली. ज्या ‘पर्शिया’ने त्यांना नेले, ती पहिल्या महायुद्धात ३० डिसेंबर १९१५ रोजी क्रीट बेटाजवळ टॉर्पेडोने बुडाली आणि तीनशेहून अधिक माणसे गेली. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनहून परतले, तेव्हा त्यांचे ग्रंथ आणि सामान ज्या बोटीवर चढवले होते तीही अशीच शत्रूने बुडवली. माणूस सुखरूप पोहोचला, पण जमवलेली पुस्तके समुद्रतळी गेली. विद्येसाठी देशोदेशी फिरलेल्या त्या पुरुषाला हा घाव किती खोल लागला असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

विलायती बोटींची ही कथा वर्तमानपत्रांत येई. कोकणच्या बोटीची कथा घरोघर घडे. शेफर्ड कंपनी आणि तिच्यातून पुढे आलेली बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी यांच्या बोटी मुंबईहून सुटून हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत पणजीपर्यंत जात. मुंबईचा भाऊचा धक्का हे या प्रवासाचे एक टोक. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ रसूल यांच्यावरून त्याला हे नाव पडले. गिरणीत काम करणारा चाकरमानी शिमग्याला याच बोटीने गावी जाई. पावसाळ्यात बोटी बंद असत. म्हणून नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्यावर बोट कधी सुरू होते, याकडे गणपतीसाठी सारे गाव डोळे लावून बसे.

बहुतेक बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि किनाऱ्यावरून पडाव येत. हलत्या पडावातून हलत्या बोटीच्या शिडीवर पाय टाकायचा, कडेवर मूल, डोक्यावर फणसाचे किंवा आंब्याचे ओझे, खाली तांडेलाचा आरडाओरडा. ज्याने हा प्रवास केला, त्याला पुढे कोणत्याही प्रवासाचे भय उरत नसे. डेकवर पथारी पसरायची जागा मिळाली की निम्मा प्रवास पार पडला असे मानीत. उरलेला निम्मा ‘बोट लागणे’ या एका व्याधीवर अवलंबून असे. आवळकाठी, आले आणि लिंबू ही त्यावरची घरगुती औषधे प्रत्येक बोचक्यात असत.

मात्र या आठवणींना दुसरीही बाजू आहे. शेफर्ड कंपनीची ‘वैतरणा’ ही बोट ८ नोव्हेंबर १८८८ रोजी सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात सापडून सातशेहून अधिक माणसांसह नाहीशी झाली. विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. स्वदेशीच्या भावनेतून उभ्या राहिलेल्या ‘माझी आगबोट कंपनी’ने आपल्या बोटींना संतांची नावे दिली. त्यांतली ‘तुकाराम’ ही बोट आणि ‘जयंती’ ही दुसरी बोट, अशा दोन बोटी नोव्हेंबर १९२७ मधल्या एकाच वादळात बुडाल्या.

पण सर्वांत मोठा घाला पडला तो १७ जुलै १९४७ रोजी. स्वातंत्र्य चार आठवड्यांवर आले होते. गटारीचा दिवस, म्हणून घरी जाणाऱ्यांची गर्दी होती. ‘रामदास’ बोट सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. मुंबईपासून थोड्याच अंतरावर, काशाच्या खडकाजवळ, प्रचंड लाटेने ती कलली. भयभीत उतारू एका बाजूस धावले आणि काही क्षणांत ती उलटली. सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती. त्यामुळे मुंबईच्या इतक्या जवळ घडलेला हा अनर्थ मुंबईला कित्येक तास कळलाच नाही. जे वाचले त्यांतल्या पुष्कळांना मासळी घेऊन निघालेल्या कोळ्यांच्या होड्यांनी उचलले.

१९१२ साली बुडालेल्या ‘टायटॅनिक’चे नाव आज शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्या दुर्घटनेनंतर १९१४ साली आंतरराष्ट्रीय करार होऊन प्रत्येक उतारूसाठी जीवरक्षक नौकेत जागा हवी, प्रवासात तिचा सराव व्हायला हवा, असे नियम ठरले. त्यानंतर तेहतीस वर्षांनी आमचा रेवसचा उतारू मात्र बिनतारी यंत्राविना, भर पावसाळ्यात समुद्रावर गेला. नियम होतात; ते गरीब उतारूपर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो. ‘रामदास’चे नाव आपल्या मुलांना माहीत असायला हवे ते याकरिता.

आता बंगळुराशी असलेल्या धाग्याकडे येऊ. ५ एप्रिल १९१९ रोजी सिंधिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही हिंदी मालकीची बोट मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. या कंपनीच्या संस्थापकांत सोलापूरचे वालचंद हिराचंद होते. परकीय कंपन्यांनी दर पाडून या नवजात कंपनीला बुडविण्याचे पुष्कळ प्रयत्न केले, पण ती तगली. याच वालचंदांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळुरात विमानांचा कारखाना काढला. तोच पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाला. ज्या पुरुषाने स्वदेशी बोट समुद्रात सोडली, त्यानेच स्वदेशी विमानाचाही पाया घातला, आणि विमानानेच पुढे बोटीचा काळ संपविला! ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला उडाले. १९६० मध्ये जेट विमाने आली. पंधरा-वीस दिवसांचा प्रवास काही तासांवर आला आणि उतारू बोटी एकामागून एक निवृत्त झाल्या. येलहंक्याच्या हवाई तळावर १९९६ पासून भरणारे विमानांचे प्रदर्शन पाहताना ही परंपरा ध्यानी ठेवण्यासारखी आहे.

कोकणची बोटही फार काळ टिकली नाही. चौगुले कंपनीनंतर मोगल लाइनच्या ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ या बोटी काही वर्षे धावल्या. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ती सेवा संपली. रस्ते झाले, १९९८ च्या २६ जानेवारीपासून कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली. सोय वाढली यात संशय नाही. मात्र ज्या लहान बंदरांचा बाजार बोटीच्या शिटीवर भरत असे, ती बंदरे ओस पडली ती पडलीच. २०१८ साली कान्होजी आंग्रे यांच्या नावाची आठवण देणारी ‘आंग्रिया’ ही सहलबोट मुंबई-गोवा मार्गावर आली. २०२० च्या साथीत तीही थांबली. त्यानंतर २०२१ पासून मोठ्या सहलबोटी मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपकडे जाऊ लागल्या. प्रवास हे साधन न राहता तेच साध्य झाले.

आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे आता अशा बेटांच्या सफरीस जातात. बंगळुराहून कोची व चेन्नई ही बंदरे सोयीची. पहिल्यातून लक्षद्वीप, दुसऱ्यातून अंदमान. जाणाऱ्यांनी जुन्या उतारूंचे शहाणपण बरोबर घ्यावे. समुद्र शांत असतो तो पावसाळा सरल्यावर; म्हणून ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ निवडावा. लक्षद्वीपला जाण्यास परवाना लागतो, तो आधी मिळवूनच तिकिटाचा विचार करावा. खोली शक्यतो बोटीच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घ्यावी. तेथे हेलकावे कमी बसतात. बोट लागू लागल्यास खोलीत पडून न राहता मोकळ्या हवेत यावे आणि नजर क्षितिजावर ठेवावी. पोट अगदी रिकामे ठेवू नये. औषधे आणि कागदपत्रे हाताशी असलेल्या पिशवीत असावीत. लक्षद्वीपच्या काही बेटांपाशी मोठी बोट आजही दूर उभी राहते आणि लहान होडीतून उतरावे लागते. तेव्हा हात मोकळे ठेवून, खलाशी सांगेल त्याच क्षणी पाऊल टाकावे. आपले आजोबा पडावात असेच उतरत. आणि जीवरक्षक जाकिटाचा सराव घेतला जाईल, तेव्हा तो कंटाळवाणा वाटला तरी चुकवू नये. हजारो बुडालेल्या माणसांच्या मोलाने तो नियम आपल्याला मिळाला आहे.

अंदमानला जाणाऱ्यांनी आणखी एक स्मरण ठेवावे. १९११ च्या जूनअखेरीस मद्रासहून ‘महाराजा’ नावाची बोट सावरकरांना घेऊन निघाली आणि ४ जुलैला पोर्ट ब्लेअरला पोहोचली. आपण परतीचे तिकीट खिशात घालून जातो. त्यांना पन्नास वर्षांची शिक्षा होती.

शेवटी एक विनंती. आपल्या मंडळातील ज्या वडीलधाऱ्यांनी कोकण बोटीचा प्रवास केला, त्यांची संख्या आता दर वर्षी घटते आहे. त्यांच्यापाशी बसून बंदरांची नावे, भाडे, पडावाचे तांडेल, बोटीवर भेटलेली माणसे, सारे वहीत उतरवून घ्यावे. कंपन्यांचे हिशेब कोठेतरी जपलेले असतात. डेकवर पथारी टाकून घरी निघालेल्या माणसाची हकीकत मात्र त्याच्या घरच्यांनीच लिहून ठेवावी लागते.