मूत्राशयाचा कर्करोग : सुईने करावयाच्या जीवोतक परीक्षेतील धोके

मूत्राशयाच्या अस्तरातील अर्बुदाचा अंश पोटाच्या भित्तीतून सुई टोचून काढणे, हा निदानाचा नेहमीचा मार्ग मानला जात नाही. तो मागे का पडला, हे निदानसाधनांच्या इतिहासावरून कळते.

माक्स निट्से यांनी १८७९ मध्ये व्हिएन्ना येथे मूत्राशयदर्शक दाखविला. प्लॅटिनमची तप्त तार हा त्यातील दिवा असून तो थंड ठेवण्यासाठी पाणी खेळवावे लागे. मूत्रमार्गातूनच मूत्राशयात पाहण्याची सोय त्यामुळे झाली. १९१० मध्ये न्यूयॉर्कचे एडविन बिअर यांनी त्याच वाटेने विद्युत् प्रवाह नेऊन अर्बुदे जाळली.

सुईचा प्रसार निराळ्या वाटेने झाला. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातील हेज मार्टिन व एडवर्ड एलिस यांनी सुईने कोशिका शोषून अर्बुदांचे निदान केल्याचे प्रसिद्ध केले. पुढे स्वीडनमध्ये हे तंत्र अष्ठीला ग्रंथीलाही लागू झाले. तथापि अष्ठीला भरीव असते, तर मूत्राशय ही मूत्राने भरलेली पिशवी होय. तिला बाहेरून छेद गेल्यास मूत्र गळते, रक्तस्राव होतो, जवळच्या आतड्यास इजा पोहोचू शकते. याहून गंभीर धोका रोपणाचा : या अस्तराच्या कर्ककोशिका नव्या जागी सहज रुजतात, आणि सुईच्या मार्गावर त्या सांडल्यास मूत्राशयापुरता असलेला रोग पोटाच्या भित्तीत शिरतो. एवढे करूनही मुख्य प्रश्न अनुत्तरितच राहतो. रोग स्नायूच्या थरात उतरला आहे काय, यावर मूत्राशय काढावा की राखावा हे बरेचसे ठरते. सुटया कोशिकांवरून ते कळत नाही. मूत्रमार्गातून खरवडून काढलेल्या, स्नायूसह असलेल्या तुकड्यावरून कळते. दूरच्या लसीका ग्रंथीत रोग पसरल्याची शंका असेल, तर तेथे मात्र सुई उपयुक्त ठरते.

सुई स्वस्त, सुटसुटीत व कोठेही नेण्याजोगी, म्हणून तिचा मोह समजण्यासारखा आहे. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचासारख्या गावच्या रुग्णाला विशेष उपचारांसाठी मोठ्या शहराची वाट धरावी लागते. १९४१ मध्ये मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले, ते अशा दूरच्या रुग्णांचेही आश्रयस्थान ठरले. गावातून पाठविण्याजोगा नमुना म्हणजे मूत्र. पापानिकोलाऊ व मार्शल यांनी १९४५ मध्ये मूत्रातील कोशिकांवरून कर्करोग ओळखण्याची पद्धत मांडली. सौम्य प्रतीची अर्बुदे मात्र तीतून निसटतात. त्यामुळे लघवीतून वेदनारहित रक्त जात असल्यास, विशेषतः तंबाखू ओढणाऱ्या व्यक्तीत, मूत्रपरीक्षा निर्दोष आली तरी मूत्राशयदर्शकाने पाहणे टाळता येत नाही.