सेनापती बापट: पराभवातून आलेली पदवी

पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ केले ते मुळशीने, आणि मुळशीची लढाई तर हरलेली होती. पॅरिसमध्ये बाँबविद्या शिकून आलेला हा पारनेरचा क्रांतिकारक १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध मावळ्यांच्या सत्याग्रहात उतरला. मुंबईला वीज हवी होती. मावळ्यांना आपली भातखाचरे. १९२४ साली बापटांनी हाती शस्त्र घेऊन धरणाच्या कामावरची रेल्वेगाडी अडवली आणि सात वर्षांची शिक्षा पत्करली. येथे सत्याग्रह संपला, असे कोणी म्हणेल. आम्हांला वाटते, निःशस्त्र लढ्याची हतबलताच तेथे बोलली. धरण झाले, गावे बुडाली. पुण्यामुंबईच्या रस्त्यांना सेनापतीचे नाव मिळाले. त्याची सेना मात्र आपण विसरलो.