बुलढाण्याच्या ताराबाई, परळच्या चाळीतले भीमराव आणि आपले रोजचे वाचन

चौदा एप्रिल आणि सहा डिसेंबरला आपल्या तरुणांच्या मोबाईलवर बाबासाहेबांच्या वचनांचा पाऊस पडतो. चिखली तालुक्यातील उंद्री असो की मेहकर-खामगावकडचे एखादे खेडे, चित्र सारखेच आहे. हे वचन कोणत्या भाषणातले, कोणत्या साली बोललेले, असे विचारले की बहुतेक जण गप्प होतात. वचने पुढे पाठवणारे शेकड्यांनी आहेत, मूळ पुस्तक उघडणारे बोटावर मोजण्याइतके. कारण विचारले तर उत्तर ठरलेले : "वेळ नाही, आणि आमच्या खेड्यात वाचनाचे वातावरण नाही."

मित्रांनो, वातावरण आपोआप तयार होत नसते. ते कोणीतरी तयार करावे लागते. आपल्याच जिल्ह्याचा इतिहास हे सांगतो.

1882 साली 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक पुण्यात छापले गेले. लेखिका ताराबाई शिंदे, राहणार बुलढाणा. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याच्या सरकारी कचेरीत कारकून होते आणि महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे सभासद होते. मुलीला अक्षर शिकवणे हेच पाप समजले जात होते, त्या काळात त्यांनी ताराबाईंना घरी शिकवले. मराठीच नव्हे, संस्कृत आणि इंग्रजीही.

ताराबाई वेळ घालवण्यासाठी वाचत नव्हत्या. 1881 मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, ती पुढे कमी झाली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून सगळ्या स्त्रीजातीवर चिखलफेक झाली. ताराबाईंनी ती वाचली. त्या काळच्या कादंबऱ्या-नाटकांत बाई कशी रंगवली जाते, तेही वाचले. आणि मग लेखणी उचलून पुरुषी व्यवस्थेला आणि तिच्या शास्त्रांना जाब विचारला. पुस्तकावर टीका झाली तेव्हा जोतीराव 'सत्सार'मधून त्यांच्या बाजूने उभे राहिले.

पण पुढे काय झाले? पुस्तक विस्मरणात गेले. 1975 साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले, म्हणजे जवळपास नव्वद वर्षांनी. जो समाज वाचत नाही, त्याची माणसे अशी हरवतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या किती मुलींना आज ताराबाईंचे नाव ठाऊक आहे, हे ज्याने त्याने आपल्या घरात विचारून पाहावे.

कोणी म्हणेल, ताराबाई मराठा घरातल्या, वडील कचेरीत नोकरीला. आमच्या आजोबा-पणजोबांच्या घरात पुस्तक कुठून येणार? प्रश्न बरोबर आहे. ज्यांना पाणवठ्यावर पाणी भरू दिले नाही, त्यांच्या हाती पुस्तक कोण देणार होते? त्याचे उत्तर मुंबईत, परळच्या चाळीत सापडते.

रामजी सुभेदारांचे कुटुंब तिथे एका खोलीत राहत होते. त्याच खोलीत चूल, जाते आणि बकरीसुद्धा. अभ्यासाला जागा नाही, शांतता नाही. म्हणून रामजींनी व्यवस्था लावली. भीमरावांनी लवकर झोपायचे, वडिलांनी रात्री दोनपर्यंत जागायचे आणि मग मुलाला अभ्यासाला उठवून स्वतः झोपायचे. पुस्तकाला पैसे नसले की रामजी लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचा दागिना गहाण ठेवत आणि पुस्तक आणत. बाबासाहेबांच्या विद्वत्तेत त्या बहिणींच्या दागिन्यांचा वाटा आहे, हे आपण किती वेळा सांगतो?

चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा मुलगा कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींच्या नजरेस पडला. 1907 साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सत्कारसभेत गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे न्यूयॉर्कमध्ये विद्यार्थी असताना, पोटाला चिमटा घेऊन, बाबासाहेबांनी सुमारे दोन हजार जुनी पुस्तके जमवली. 1917 साली परतताना सामानाची बोट पाणतीराने बुडाली आणि त्यातली पुस्तके गेली. त्यांनी पुन्हा जमवली. दादरला राजगृह बांधले ते पुस्तकांची सोय डोळ्यांपुढे ठेवून.

आणि हे वाचन त्यांनी स्वतःपुरते ठेवले नाही. जुलै 1924 मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्दिष्टांत वसतिगृहांबरोबर वाचनालये आणि अभ्यासवर्ग काढणे स्पष्टपणे लिहिलेले आहे. महाडचा सत्याग्रह झाला 1927 मध्ये. म्हणजे चवदार तळ्यावर जाण्याच्या तीन वर्षे आधी वाचनालयाचा विचार झाला होता. हा क्रम आपण विसरलो आहोत.

या सगळ्यातून एकच गोष्ट दिसते. रोजचे वाचन एकट्याच्या इच्छेवर टिकत नाही. बापूजी शिंदे असावे लागतात, रामजी असावे लागतात, बहिणी, केळुसकर गुरुजी, हितकारिणी सभा असावी लागते. मग आपल्या गावात हे काम कोण करणार?

काही मुले म्हणतात, आम्ही स्पर्धा परीक्षेसाठी दिवसभर वाचतोच. जरूर वाचा, नोकरी हवीच. पण ते वाचन निकालाच्या दिवशी संपते. काही म्हणतात, वाचनालय देणे सरकारचे काम आहे. तेही खरे. महाराष्ट्रात 1967 पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, त्याचा हक्क मागितलाच पाहिजे. पण मागणी मान्य होईपर्यंत विहाराला कुलूप कशाला?

संध्याकाळी वंदना झाली की अर्धा तास पुस्तक उघडा. एकाने मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे. ज्या मायबापांना अक्षर येत नाही, त्यांनाही बसवा. सुरुवात 'जातिसंस्थेचे उच्चाटन'पासून करा. मूळ इंग्रजी भाषणाचे 26 भाग आहेत. रोज एक भाग घेतला तर महिन्याच्या आत पुस्तक पूर्ण होते. जयंतीच्या वर्गणीतला थोडा हिस्सा पुस्तकांना द्या. आणि वाचनाची वेळ मुलींच्या सोयीने ठरवा, नाहीतर ताराबाईंचे नाव घेण्याचा आपल्याला अधिकार नाही.

5 डिसेंबर 1956 च्या रात्री, शरीर थकलेले असताना, बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाची प्रस्तावना नजरेखालून घालण्यासाठी उशाशी मागवून घेतली. 1907 साली हाती आलेल्या एका पुस्तकाने सुरू झालेले वाचन शेवटच्या रात्रीपर्यंत चालले. त्या माणसाला अभिवादन करायचे असेल, तर आज रात्री मोबाईल बाजूला ठेवा आणि दहा पाने वाचा. उद्याही वाचा.

जय भीम!