श्रीवर्धनचीं घरें व जलरंगांचें साधन

श्रीवर्धन म्हटलें कीं संशोधकास प्रथम आठवतें तें भटांचें देशमुखीवतन व इ. स. १७१३ त पेशवेपद पावलेला बाळाजी विश्वनाथ. वतनी कागदांवरून घर कोणाचें व वांटा कोणाचा किती, हें कळतें. तें दिसे कसें, हें सहसा कळत नाहीं. कारकुनास तें लिहिण्याचें प्रयोजनच नव्हतें. ही उणीव साध्या घराचें जलरंगी चित्र भरून काढतें. सबब अशा चित्रांस दप्तरांत जागा असावी, असें आमचें मत आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्याचा इंग्रज वकील चार्लस मॅलेट याच्याकरितां गंगाराम तांबट यानें वेरूळचीं लेणीं, पर्वतीची टेकडी, पेशव्यांच्या शिकारखान्यांतील गेंडा इत्यादि विषय कागदावर उतरविले. त्यांतील बरीच चित्रें आज अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या संग्रहांत आहेत. परंतु लेणें चित्रावांचूनहि टिकतें. कोंकणांतील कौलारू घराचें तसें नाहीं.

अशा चित्रांत पुरावा कोठें पाहावा? चुन्याची भिंत म्हणजे बहुधा कोरा राखलेला कागद. तेथें चित्रकाराची भर थोडी. जांभा खाणींतून निघतो तेव्हां तांबूस असतो, पुढें पावसानें काळवंडतो. तेव्हां रंगाच्या छटेवरून भिंतीच्या वयाचा अदमास बांधतां येतो. सर्वांत बोलकें छप्पर. चपटें मंगळुरी कौल बासेल मिशननें इ. स. १८६५ त मंगळूरास काढलेल्या कारखान्यापासून प्रसिद्धीस आलें. तें ज्या चित्रांत दिसेल तें त्या सालानंतरचें समजावें. उलट अनुमान मात्र करूं नये; नळीचीं कौलें पुढेंहि पुष्कळ वर्षें घरांवर होतीं. माडाचीहि साक्ष बेतानेंच घ्यावी, कारण रचनेसाठीं चित्रकार माड खुशाल इकडचा तिकडे करतो! जोतें, ओटी, पडवी यांवर त्याहून अधिक भिस्त ठेवावी.

ता. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलें. श्रीवर्धन व दिवेआगर येथें छपरें उडालीं, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. मोडलेल्या छपरावर पत्रा चढला कीं जुन्या घराची ठेवण ओळखूं येत नाहीं. ज्यांच्या संग्रहीं या गांवचीं अशीं चित्रें असतील त्यांनीं तीं सनदा-पत्रांप्रमाणेंच बस्त्यांत जपावीं, आणि नव्यानें रंगविणारांनीं कागदाच्या पाठीवर आळी, घराची दिशा व तिथि एवढें तरी लिहून ठेवावें.