अर्धा र व त्याचे संगणकीय संकेतन

अर्धा र व त्याचे संगणकीय संकेतन : मराठी लेखनात य व ह यांच्यापूर्वी पापणीच्या आकाराच्या रेषेने दाखविला जाणारा स्वरहीन र आणि तो संगणकात साठविण्याची सांकेतिक पद्धती.

मागील अक्षरावर आघात येत असल्यास स्वरहीन र रफाराच्या रूपाने शिरोरेषेवर चढतो (उदा., सूर्य, आचार्य); तसा आघात नसल्यास तो पुढील अक्षरास आडवा जोडतात (उदा., दुसऱ्या, गोऱ्हा). हा भेद केवळ वळणाचा नसून अर्थाचा आहे. ‘आचार्यांना’ व ‘आचाऱ्यांना’ या रूपांत गुरू व स्वयंपाकी एवढे अंतर आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, तर ‘दऱ्या’ हे ‘दरी’चे अनेकवचन होय. रायगड (१९८१ पर्यंत कुलाबा) जिल्ह्यात हे दोन्ही शब्द आवश्यक आहेत : अलिबागच्या किनाऱ्यास दर्या लागून आहे, तर सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या कर्जत व खालापूर तालुक्यांचा बराच प्रदेश डोंगरदऱ्यांचा आहे. तेथील कातकरी जमातीचा किंवा शेतकरी वर्गाचा उल्लेख विभक्तिरूपात आला, की ‘कातकऱ्यांचा’, ‘शेतकऱ्यास’ असा अर्धा र येतोच.

खिळ्यांच्या छपाईत अशा जोडाक्षरांसाठी स्वतंत्र खिळे ठेवता येत. संगणकीय संकेतनात मात्र आकृती न साठविता वर्णांचे क्रमांक साठवितात व आकृती नंतर सिद्ध होते. त्यामुळे र व हलन्त या क्रमाने रफार मिळतो. त्याच वर्णांपासून दुसरी आकृती कशी मिळवावी, हा प्रश्न उद्‍भवला. हिंदीच्या प्रचलित लेखनात हे रूप नसल्याने मराठीसाठी वेगळी तरतूद करणे भाग होते.

भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये स्वीकारलेल्या ‘इस्की’ संकेतात यासाठी नुक्तायुक्त ऱ योजिला गेला. हा वर्ण मूलतः द्राविडी भाषांतील विशिष्ट र-काराच्या लिप्यंतरासाठी आहे. त्यापुढे हलन्त आल्यास मराठीतील अर्धा र मिळतो. जागतिक ‘युनिकोड’ संकेताची पहिली आवृत्ती १९९१ मध्येच निघाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर आधारलेली असून षोडशमान पद्धतीत र चा क्रमांक ०९३० व ऱ चा ०९३१ आहे. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत र, हलन्त व शून्य रुंदीचे अदृश्य जोडचिन्ह असा क्रम होता. पुढे इस्कीची रीत मान्य झाली. तथापि जुन्या मजकुराशी सुसंगती राहावी म्हणून हा क्रमही कायम ठेवण्यात आला.

परिणामी पडद्यावर एकसारखा दिसणारा शब्द दोन भिन्न क्रमांकमालिकांनी लिहिता येतो. शोधप्रणालीने हे दोन्ही क्रम समान मानले नाहीत, तर एका रीतीने शोधलेला ‘कातकऱ्यांचा’ हा शब्द दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या नोंदीत सापडत नाही. याहून गंभीर दोष म्हणजे मजकूर एका प्रणालीतून दुसरीत नेताना अदृश्य चिन्ह गळल्यास र रफार बनतो व ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. हा शब्दही अर्थपूर्ण असल्याने शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रणालीस चूक उमगत नाही. ऱ वापरल्यास हा धोका उरत नाही, कारण भेद दृश्य वर्णातच असतो.

इथिओपियातील अम्हारिक भाषेच्या लिपीशी तुलना केल्यास हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. त्या लिपीत व्यंजन व स्वर मिळून होणाऱ्या प्रत्येक अक्षराकृतीस युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक आहे (१९९९). उणी असलेली काही अक्षरे २००५ मध्ये वाढविण्यात आली. तेथे नवे अक्षर म्हणजे नवा क्रमांक. देवनागरीत मात्र जोडाक्षर हे क्रमांकांच्या क्रमावर व तो वाचणाऱ्या नियमांवर अवलंबून असते. यास्तव गावांची, जमातींची व जमिनीची दप्तरे संगणकावर ठेवताना ऱ वर आधारलेला एकच क्रम पाळणे व जुन्या नोंदी त्यात रूपांतरित करणे इष्ट ठरते.